सांगून गेलेली माणसं

आमच्या शाळेत पट दोनदा मोजावा लागतो. एकदा जूनमध्ये, सगळीकडे मोजतात तसा. दुसऱ्यांदा दिवाळीच्या आगेमागे, गावातल्या गाड्या भरून गेल्या की. पहिला पट हजेरीपुस्तकात राहतो, दुसरा वर्गात बसतो. बदली होऊन आलेले शिक्षक पहिल्या वर्षी या दोन आकड्यांमधलं अंतर बघून दचकतात. दुसऱ्या वर्षी कुणी दचकत नाही, आणि मला वाटतं खरी काळजी तिथून सुरू व्हायला हवी.

बालाघाटाच्या डोंगरातली ही गावं. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज, बीड जिल्ह्यातला यातला कुठलाही तालुका घ्या, गोष्ट तीच. हलकी माळरानं, बेभरवशाचा पाऊस. खरिपाची बाजरी, तूर, थोडा कापूस हाताला लागला की घरातली कर्ती माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, म्हणजे मुकादमाकडून, उचल म्हणून आगाऊ रक्कम आधीच घेतलेली असते आणि बहुतेक वेळा ती संपलेलीही असते. कुणाच्या बाळंतपणात, कुणाच्या बहिणीच्या लग्नात, कुणाची गेल्या हंगामातली बाकी फेडण्यात. मग कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपेपर्यंत, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटक. फडाजवळ पाचटाची कोपी, पहाटेच्या अंधारात कामाला लागणं, डोक्यावरून मोळ्या गाडीत चढवणं.

ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांची मुलं मागे राहतात. ज्यांच्या नाही त्यांची ट्रॅक्टरमध्ये चढतात. फडावर गेलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीच्या काखेत बहुधा धाकटं भावंड असतं, आणि तिची तिसरी-चौथी तिथंच थांबते. त्यांच्यासाठी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या, काही चांगल्या चालल्या, बऱ्याचशा बंद पडल्या. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू झाला, त्याने जवळच्या कुठल्याही शाळेत बसायचा हक्क दिला. हक्क आणि फड यांच्यात मात्र चार-पाच किलोमीटरची चिखलवाट असते. पण मला आज लिहायचंय ते मागे राहिलेल्यांबद्दल.

त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह असतं. नावावरून इमारत, खाटा, वॉर्डन असं काही डोळ्यांपुढे येत असेल तर ते पुसून टाका. आमच्याकडे वसतिगृह म्हणजे शाळेची पत्र्याची एक खोली, दोन मोठी पातेली, गावातल्याच एक मावशी आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण. दुपारी शालेय पोषण आहार असतोच. रात्री मुलं झोपायला आजी-आजोबांकडे. कारभार शाळा व्यवस्थापन समितीकडे. पैसे वरून येतात, आणि ते वेळेवर आले तर आम्ही एकमेकांना फोन करून सांगतो, इतकी ती नवलाई.

बघायला आलेले पाहुणे हमखास विचारतात, "मुलं रडतात का हो?"

रडत नाहीत, हीच तर अडचण असते. आईबाप गेल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत वर्ग विलक्षण शांत असतो. एखादा मुलगा अर्धी भाकरी खिशात घालतो. भूक असते म्हणून नव्हे, संध्याकाळी मिळेल की नाही याची खात्री नसते म्हणून. एखादीचं पोट रोज अकराच्या सुमाराला दुखतं. दुसरीतला एक पोरगा घरी जाताना रोज मला विचारायचा, "मॅडम, उद्या येणार ना?" मी हो म्हणायचे. तो मान डोलवायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा आणि तेच विचारायचा. माझं उत्तर त्याला कळत होतं. फक्त मोठ्या माणसांच्या 'हो'ला किती किंमत द्यायची, याचा त्याचा हिशेब नुकताच बिघडलेला होता.

तो बिघडण्याचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सगळे तेच करत आले होते. गाडी रात्री भरायची. भांडी, पीठ, ताडपत्री, कोयते, बांधलेल्या शेळ्या. मुलं झोपली की निघायचं. सकाळी उठल्यावर आजी सांगणार, "बाजाराला गेलेत, येतील." संध्याकाळी पुन्हा तेच. मग कधीतरी शेजारचं पोरगं खरं काय ते सांगून टाकणार. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पोराचा रडवेला चेहरा बघून पाय निघत नाही, आणि पाय निघाला नाही तर मुकादम दारात उभा. आईच्या मायेनंच हा मार्ग काढलेला होता. पण मुलाच्या बाजूने बघितलं तर त्याला एवढंच समजलेलं असतं की झोपणं धोक्याचं आहे. रात्री आजीचा पदर मुठीत धरून बसणारी, डोळे मिटायला तयार नसलेली पोरं घरोघर होती. त्यांना वर्गात झोप यायची आणि आम्ही शिक्षक त्यांना आळशी म्हणायचो.

हे बदललं ते एका आजीमुळे. मानसशास्त्राचं पुस्तक सोडा, तिला सही येत नव्हती. दसऱ्याआधीच्या पालकसभेत नेहमीचे विषय चालले होते, गणवेश, आधार, बँकेचं खातं. ती मागे बसलेली, मध्येच उठली. म्हणाली, "न सांगता जातो त्यो चोर. आईबाप काय चोर हैत का? मला सहा महिने खोटं बोलाया लावता आन तुम्ही तिकडं मोकळे. पोरगं माझ्यावरचा इस्वास बी काढून घेतंय." सभेत हशा पिकला. मग तो हळूहळू विरला, कारण बहुतेकांना आपापलं लहानपण आठवलं असणार. आज कोयता घेऊन जाणारी पिढी काल अशीच झोपेत सोडलेली होती.

त्या वर्षी काही घरांनी दिवसा निघायचं ठरवलं. मुकादमाला ते पटलं नाही, डिझेल आणि वेळ यांची गणितं त्याने मांडली. शेवटी गाडी रात्रीच निघणार असेल तर निदान संध्याकाळी मुलाला समोर बसवून सांगायचं, एवढ्यावर तडजोड झाली. काय सांगायचं, यावर मी आणि मावशींनी बराच खल केला. "लवकर येऊ" म्हणायचं नाही, कारण लवकर येणार नसतात. "शहाण्यासारखा राहिलास तर सायकल आणू" हेही नाही, कारण सायकल येत नाही. कुठल्या कारखान्याला चाललोय त्याचं नाव, तो कुठल्या दिशेला आहे, फोन कुठल्या वारी आणि किती वाजता येणार, पट्टा साधारण कोणत्या सणाच्या आसपास पडेल, आणि तोवर तुझं दुखलंखुपलं कुणाला सांगायचं. या शेवटच्या मुद्द्यापाशी आई मुलाचा हात धरून ज्या माणसाच्या हातात देते, तो माणूस तिथं हजर असायला लागतो. काका असेल, आजी असेल, पलीकडच्या घरातली सून असेल.

रडारड झाली, अर्थातच. गाव दणाणलं. लेकरांचे हाल बघायला ही नवी तऱ्हा कुणी काढली, असं काही जणांनी माझ्या तोंडावर विचारलं. पण दुसऱ्या दिवशी ती मुलं सुजलेल्या डोळ्यांनी का होईना शाळेत आली आणि जेवली. खिशातली भाकरी कमी झाली. रडायला मिळालेलं मूल आणि रडायला न मिळालेलं मूल यांच्यातला फरक मला तेव्हापासून चेहऱ्यावरून ओळखू येतो.

अशा मुलांचं पुढे काय होतं, याचा एक अभ्यास माझ्या वाचनात आला. हवाई बेटांमधल्या कवाई नावाच्या एका लहानशा बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघी मानसशास्त्रज्ञांनी पुढे अनेक दशकं मागोवा घेतला. मुलं मोठी झाली, चाळिशीला आली, तरी या बायका त्यांच्या मागे होत्याच. मला हे बेट जवळचं वाटायचं कारण वेगळं आहे. तिथंही ऊस होता. त्या मुलांपैकी अनेकांचे आजे-पणजे उसाच्या मळ्यांवर राबायला समुद्र ओलांडून आलेले. गरिबी, घरातली भांडणं, बापाची दारू, आईचं मानसिक आजारपण, जन्मवेळचे त्रास अशा कित्येक गोष्टी ज्यांच्या वाट्याला एकदम आल्या, त्या मुलांमधली साधारण एक तृतीयांश पुढे चांगली, कामसू, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्यात काय होतं, हे शोधताना जे सापडलं त्यातलं बरंचसं त्यांच्या आत नव्हतंच, आजूबाजूला होतं. निदान एक तरी मोठं माणूस, जे टिकून राहिलं. बऱ्याचदा आजी-आजोबा, मोठी बहीण, कुणी शेजारी, एखादी शिक्षिका. आणखी एक गोष्ट होती. या मुलांवर घरात काहीतरी खरी जबाबदारी असायची, म्हणजे त्यांच्यावाचून अडणारं एखादं काम.

हे वाचल्यावर मी मावशींना सांगितलं. त्या पातेलं घासत होत्या. म्हणाल्या, "मग? ह्यात नवं काय?" नवं काही नव्हतंच. पण कागदावर आकड्यांसकट असलं की गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे बोलताना बरं पडतं.

जबाबदारीचं मात्र आम्ही उचललं. मोठी मुलं लहानांना वाढतात. एक जण पाण्याची टाकी बघतो. चौथीतली एक मुलगी, जिचं स्वतःचं पोट रोज दुखायचं, तिला पहिलीतल्या दोघींच्या वेण्या घालायचं काम दिलं. पोटदुखी एकदम थांबली असं सांगितलं तर कथा छान होईल, पण तसं झालं नाही. आठवड्यातून चार दिवसांची दोन दिवसांवर आली. मला ते पुरेसं आहे.

दरवर्षी निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रात एक बातमी येतेच: ऊसतोड कामगाराचा मुलगा अधिकारी झाला. फोटोत पेढा, कोयता आणि आईच्या डोळ्यांत पाणी. मुलाचं कौतुक व्हायलाच हवं, त्याने ते कमावलेलं असतं. पण त्या बातमीत जिद्द असते, कष्ट असतात, दिव्याखालचा अभ्यास असतो. त्याला हंगामात संध्याकाळचं जेवण कुणी घातलं हे कधीच नसतं. वाचणाऱ्याचा असा समज होतो की खंबीरपणा पोराच्या रक्तातच होता, आणि ज्यांची पोरं अधिकारी झाली नाहीत त्यांच्या रक्तात तो नव्हता. शाळेत व्याख्यान द्यायला येणारे पाहुणेही याच सुरात बोलतात. "परिस्थितीवर मात करा." समोर बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाने परिस्थितीवर मात करायची आणि आपण मोठ्यांनी परिस्थितीला हात लावायचा नाही, ही वाटणी मला कधी पटली नाही.

या बाबतीत मला गुरू मानायला आवडतं ते बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना. डी.एड.ला असताना त्या दोघी एका गुणाच्या प्रश्नापुरत्या होत्या. कोण, कुठे, कधी. 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, एवढं पाठ केलं की सुटलो. त्या कामाची खुबी मला इथं आल्यावर कळली. ते साल आठवा. त्याच 1945 साली त्याच डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात वारली माणसं वेठबिगारीविरुद्ध उठली होती. जमीनदार, सावकार, जंगलखात्याचा माणूस, जो कुणी बाहेरून पाड्यात आला त्याने काहीतरी ओढूनच नेलेलं. अशा ठिकाणी पांढऱ्या लुगड्यातल्या दोन शिकलेल्या बाया येऊन म्हणतात, पोरं आमच्याकडे द्या. कोण देईल?

त्यांनी पोरं मागणं सोडलं आणि स्वतः पाड्यात गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात, म्हणून अंगणवाडी. मुलं गुरं घेऊन रानात जातात तर शाळा कुरणात, म्हणून कुरणशाळा. गुरं चरतायत आणि तिथंच गाणी, गोष्टी, आकडे. आधी आंघोळ, नखं, केस, मग अक्षरं. आणि पोरगी धाकट्या भावाला सांभाळायचं म्हणून घरी राहते हे दिसल्यावर त्यांनी तिला "शिक्षणाचं महत्त्व" समजावलं नाही, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. विकासवाडी ती हीच. धाकटा पाळण्यात, मधला बालवाडीत, ताई तिसरीत. मी फडावर गेले होते तेव्हा काखेत पोर घेऊन कोपीच्या दाराशी उभ्या असलेल्या माझ्याच वर्गातल्या मुलीला बघून मला हीच गोष्ट आठवत राहिली. इतक्या वर्षांपूर्वी सुटलेलं गणित आपण पुन्हा पहिल्या पायरीपासून मांडत बसलोय.

विश्वास मुलाचा आधी बसत नाही, मुलाच्या घराचा आधी बसतो, हे कोसबाडकडून घेण्यासारखं. आमच्या मावशी ज्या घरातल्या आहेत, ते घर गावातल्या सगळ्यांना चालतं असं नव्हतं. स्पष्ट लिहिते. पहिल्या हंगामात काही घरांनी पोरांना डबा देऊन पाठवलं. वसतिगृहात बसतील, पण मावशींच्या हातचं खाणार नाहीत. तांड्यावरची मुलं पंगतीच्या टोकाला आपोआप जाऊन बसायची, कुणी न सांगता. समिती यावर ठराव करून मोकळी झाली असती, पण ठरावाने पंगत हलत नाही. मी मुलांना रोज चिठ्ठ्या काढून बसवायला लागले. आज तू याच्याशेजारी, उद्या तिच्या. डबेवाल्यांनी दोन आठवडे दम धरला. मग मावशींनी एका संध्याकाळी पिठलं आणि ठेचा केला, त्याच्या वासाने जे काम केलं ते मला जमलं नसतं. सगळ्या घरांचं मतपरिवर्तन झालं असं मात्र समजू नका. एका आजोबांनी आपला नातू काढून घेतला तो काढूनच घेतला.

फोनबद्दल सांगायला हवं. रविवारी संध्याकाळी माझा मोबाइल माझा नसतो. ओट्यावर रांग लागते. फडावर रेंज असेलच असं नाही, म्हणून पलीकडची माणसं कारखान्याच्या रस्त्यापर्यंत चालत येतात. सुरुवातीला मुलं गप्प बसायची. आई तिकडून "बोल की रं" म्हणायची आणि हा इकडे पायाच्या अंगठ्याने माती उकरायचा. मग आम्ही एक युक्ती केली. आठवडाभर मुलाने ठरवायचं की रविवारी काय सांगायचं आणि काय विचारायचं. लिहिता येत असेल तर वहीत, नसेल तर चित्र. आता प्रश्न फर्मास येतात. "वाढं किती रुपयाला गेलं?" "बैलाचा पाय बरा झाला का?" "कोपीत साप निघाला होता तो मारला का सोडला?" आईबापांना वाटायचं पोराला त्रासाचं काही कळू नये. पोरांना तर सगळंच कळायला हवं असतं. बैलाच्या पायाची खबर लागलेलं मूल सोमवारी बेरजा नीट करतं.

आणि फोन ठरल्या वेळी आला नाही तर? तर मी खोटं कारण देत नाही. "आला नाही. का नाही आला ते मला माहीत नाही. आठ वाजेपर्यंत वाट बघू, मग मी मुकादमाला लावते." आणि आठला लावते.

मोठी माणसं मुलांच्या लेखी कशाने मोजली जातात, याबद्दल माझं एक मत बनत गेलंय. प्रेमळपणाने नाही. आमच्याकडे एक शिक्षक होते, बोलायला रोखठोक, चेहऱ्यावर हसू नाही. पण त्यांचा राग कशावर येतो आणि कशावर येत नाही, हे पहिलीतल्या पोराला देखील ठाऊक होतं. सांडलेल्या पाण्यावर नाही, खोट्या बोलण्यावर हो. मुलं त्यांच्याभोवती निर्धास्त असायची. उलट लाडाने जवळ घेणारी, चॉकलेट वाटणारी, आणि एखाद्या दिवशी घरचं भांडण डोक्यात घेऊन येऊन पट्टी उगारणारी माणसंही मी पाहिली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17ने मारायला बंदी आहेच. पण न मारताही मुलाला रोज सकाळी "आज यांचं डोकं ठिकाणावर आहे का" हे ताडत बसायला लावता येतं, आणि त्याला कुठलं कलम लागत नाही. मी रजेवर जाणार असेन तर आदल्या दिवशी फळ्यावर लिहिते. कारणासकट. मुलं ते वाचून अंगणात खेळायला पळतात, एवढंच त्यांना हवं असतं.

मुलाचा आपल्यावर विश्वास आहे की नाही, हे त्याला विचारून कळत नाही. ते आपल्याला काय सांगायला येतं त्यावरून कळतं. आधी लहानसहान गोष्टी येतात. उवा झाल्यात. चड्डी फाटलीय. पेन्सिल मीच चोरली. मग जराशा मोठ्या. चुलता रात्री पिऊन येतो. आजीला दिसत नाही, तिने चूल पेटवताना हात भाजून घेतला. यातलं प्रत्येक सांगणं ही मुलाने घेतलेली परीक्षा असते. उवांवरून हसलात तर चुलत्याची गोष्ट तुमच्यापर्यंत कधीच पोचणार नाही.

आमच्या भागात सगळ्यात उशिरा पोचणारी बातमी लग्नाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 साली, बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 44 टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा त्याच्या निम्मा, 22 टक्क्यांच्या आसपास होता. त्यामागे ऊसतोडीची सरळ गणितं आहेत. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या जिवावर ठेवायची, ही भीती. आणि लग्न झालं की एक पुरा कोयता उभा राहतो, त्यावर उचल मिळते. इथं आईबापांना राक्षस ठरवून काही साधत नाही.

आठवीला शेजारच्या गावी जाणारी एक मुलगी, आमच्या वसतिगृहात पाचवीपर्यंत जेवलेली, एका संध्याकाळी मावशींकडे आली. मदतीला आलेय म्हणाली. कांदे चिरत बसली. चिरता चिरता म्हणाली, "पाव्हणे येऊन गेले. सुपारी फुटली." 1098 हा मुलांच्या मदतीसाठी असलेला नंबर तिच्या शाळेच्या भिंतीवर ठसठशीत रंगवलेला आहे, तिने तो रोज वाचलेला. पण ती भिंतीकडे गेली नाही, कांद्याच्या पाटीपाशी आली. पुढचं सगळं सरळ झालं नाही. ग्रामसेवक, अंगणवाडी ताई, मुलीचा मामा, दोन रात्रींची बोलणी, एक जोरदार भांडण, मला आणि मावशींना ऐकवलेले शब्द. लग्न थांबलं. थांबलं म्हणजे पुढे ढकललं गेलं, असंच मी अजून धरून चालते. ती सध्या दहावीत आहे.

हे सगळं किती पातळ धाग्यावर उभं असतं, ते 2020च्या मार्चमध्ये दिसलं. शाळा बंद, म्हणून वसतिगृहही बंद. आईबाप परजिल्ह्यात कारखान्यांवर अडकलेले, जिल्ह्यांच्या सीमा बंद. घरी परतायची परवानगी मिळाली ती एप्रिलच्या मध्याला. तेवढे दिवस पोरं म्हाताऱ्यांपाशी आणि म्हातारे पोरांपाशी. कुठल्या परिपत्रकात बसत नव्हतं, पण किराणा दुकानदाराने वही उघडी ठेवली. मावशी पातेली आपल्या घरी घेऊन गेल्या. सप्ताहात पखवाज शिकवणारे बुवा रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी अंतर राखून बसायचे आणि पोरं आपापल्या उंबऱ्यावरून मांडीवर ठेका धरायची. मला वाटायचं मुलं कोसळतील. त्यांना हंगामाची सवय होती. वाट बघणं त्यांना आमच्यापेक्षा चांगलं येत होतं. खचली ती आजी-आजोबा मंडळी, आणि त्यांना धीर द्यायचं काम पोरांनी केलं.

असं कौतुक करताना जपून करावं लागतं, हेही जाणवतं. गाव धावून येतं म्हणून सरकारने सावकाश यावं, असा अर्थ काढायला लोक टपलेले असतात. निधी फेब्रुवारीत येतो आणि जेवण नोव्हेंबरपासून चालू असतं, तेव्हा मधल्या महिन्यांचा उधारीचा भार कुणाच्या तरी नावावर असतोच, आणि ते नाव क्वचितच एखाद्या श्रीमंताचं असतं. पट कमी म्हणून शाळा बंद करायची चर्चा अधूनमधून निघते. ज्या गावात सहा महिने आईबाप नसतात तिथं शाळाही नको, हे ज्याला सुचतं त्याने एक हंगाम इथं काढावा. बदल्यांचंही तसंच. बदली ऑनलाइन होते, आदेश येतो, शिक्षक दोन दिवसांत कार्यमुक्त. ज्या मुलाने तीन वर्षांनी उवांची गोष्ट सांगायला सुरुवात केली होती, ते नव्या माणसाबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. माझी बदली कधीतरी होणारच. मुलांना ते सांगून ठेवलंय. एकाने विचारलं, "कुठल्या कारखान्याला?"

पट्टा पडल्यावर आईबाप परत येतात, तेव्हा सगळं आनंदीआनंद असेल असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात पहिले काही दिवस मूल आजीच्या मागे लपतं. आई हात पुढे करते, हे येत नाही. "माझं लेकरू मलाच वळखंना" म्हणत बाया शाळेत येतात, त्यातल्या काही रागावलेल्या असतात, मावशींवर सुद्धा. त्यांना मी एवढंच सांगते की ओढू नका, ते येईल. आणि एप्रिलमध्ये एका सकाळी सगळ्या पालकांना बोलावतो. भाषणं नसतात. मूल आपली वही घेऊन आईबापासमोर बसतं आणि हंगामभर काय काय झालं ते दाखवतं. धडे, फोनचे प्रश्न, चित्रं, कोण कुणाशी भांडलं. वर्गात एकाच वेळी वीस-पंचवीस जण बोलत असतात. मी तेव्हा बाहेर ओट्यावर जाऊन बसते.

यंदा त्या गोंगाटातून एक बाप बाहेर आला, डोकं खाजवत. त्याचं पोरगं तेच, "उद्या येणार ना" विचारणारं, आता चौथीत गेलेलं. म्हणाला, पोराने पुढच्या हंगामासाठी अटी घातल्यात. एक फोन पुरणार नाही, बुधवारी दुसरा पाहिजे. निघायच्या आधी आठ दिवस सांगायचं, आदल्या संध्याकाळी नाही. आणि दिवाळी गावातच करायची, तिच्याआधी गाडीत बसायचं नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बुधवारचं कबूल केलं. आठ दिवसांचंबी केलं. दिवाळीचं मुकादमाशी बोलून सांगतो म्हणलो." तो जरा थांबला. "तर म्हणतो, बोलून झालं की मला फोन लावा, मी बोलतो मुकादमाशी."